घास अडतो तेव्हा : अन्ननलिकेच्या कर्करोगाचा भारतीय इतिहास

२०२५ साली देशातील ४३ कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत नोंदल्या गेलेल्या सात लाखांहून अधिक रुग्णांचा त्यात विचार केला होता. भारतीय माणसाला आयुष्यभरात कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असल्याचे त्यातून दिसले. मिझोरममध्ये मात्र हीच शक्यता पुरुषांत २१ टक्क्यांच्या आणि स्त्रियांत १९ टक्क्यांच्या आसपास निघाली. वृत्तपत्रांनी आकडे छापले, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. ईशान्य भारताच्या या आकड्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातही आली नाही.

स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाविषयी आज थोडेफार बोलले जाते. अन्ननलिकेचा कर्करोग मात्र घरात शिरेपर्यंत त्याचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे दगावली. भारतातील नव्या रुग्णांची संख्या ७० हजारांच्या घरात आहे आणि मृत्यूंचा आकडा तिच्याहून फारसा मागे नाही. रोगी आणि मृत यांच्या संख्येत एवढेच अंतर असावे, याचा अर्थ रोग ओळखला जातो तोवर बहुधा वेळ निघून गेलेली असते. ही वेळ कुठे जाते, हे समजून घ्यायचे तर या रोगाची आपल्या देशाला ओळख कशी होत गेली, ते पाहावे लागते.

दुर्मीळ मानलेला रोग

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत भारतात कर्करोग दुर्मीळ आहे, अशी समजूत वैद्यकीय वर्तुळात रूढ होती. कर्करोग हा सुखवस्तू पाश्चात्त्य समाजांचा रोग, इथली माणसे पटकी, प्लेग आणि हिवतापाने मरतात, असे मानले जाई. त्यात थोडे तथ्य होते. सरासरी आयुर्मान इतके कमी होते की उतारवयातला रोग होण्याआधीच माणूस जात असे. पण ज्यांचे निदानच झाले नाही, अशा रुग्णांची गणती कुणी केली नव्हती, हेही तितकेच खरे. १९३०च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांच्या नोंदी गोळा केल्या. योग्य वयोगटाची तुलना केली तर कर्करोग भारतात मुळीच दुर्मीळ नाही, हे त्यांतून स्पष्ट होऊ लागले.

भारतातील कर्करोगाचा संबंध इथल्या माणसांच्या राहणीशी असू शकतो, हा विचार मात्र त्याहून जुना आहे. १८६६ साली विल्यम जॅक्सन एल्मस्ली या मिशनरी डॉक्टराने काश्मिरी लोकांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाविषयी लिहिले. हिवाळ्यात फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगण्याची तिथली रीत आहे. वर्षानुवर्षे त्याच जागी बसणारा चटका आणि नंतर उद्भवणारा कर्करोग यांची सांगड त्यांनी घातली. पुढे १९४५ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी अशाच प्रकारे, कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या सवयीतून तिथल्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. रोगाचे मूळ रोजच्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या सवयीत सापडू शकते, ही दृष्टी या अभ्यासांनी दिली. अन्ननलिकेच्या बाबतीत ती पुढे फार उपयोगी पडली.

दोन मृत्यू आणि दोन संस्था

भारतातील कर्करोगोपचाराच्या दोन आद्य संस्थांचा उगम दोन घरांतल्या शोकात आहे. १९२३ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने गेली. मद्रास मेडिकल कॉलेजातून १९१२ साली पदवी घेतलेल्या, पुढे मद्रास विधान परिषदेत बसलेल्या या कर्तबगार स्त्रीला, स्वतः डॉक्टर असूनही बहिणीसाठी फारसे काही करता आले नव्हते. कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय हवे, ही मागणी त्यांनी १९३५ साली जाहीरपणे मांडली. प्रतिसाद थंडच होता, कारण कर्करोगाचे रुग्ण मरणारच, त्यांच्यावर खर्च कशाला, असे मानणारे तेव्हा अधिकारपदांवरही होते. मुथुलक्ष्मी मागे हटल्या नाहीत. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९५४ साली अड्यार येथे अवघ्या १२ खाटांची कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाली.

दुसरे घर टाटांचे. १९३१ साली सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. पत्नीच्या नावाने त्यांनी उभारलेला न्यास रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला साहाय्य करू लागला. भारतीय रुग्णांना उपचारासाठी परदेशाची वाट धरावी लागू नये, या विचारातून टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ते ताब्यात घेतले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले.

या दोन्ही मृत्यूंचे कारण अन्ननलिकेचा कर्करोग नव्हता. तरीही या रोगाच्या इतिहासात त्यांना स्थान आहे, कारण अन्ननलिकेचे रुग्ण प्रथमच मोठ्या संख्येने एका छताखाली आले ते अशा संस्थांमध्ये. ते एकत्र आल्यावरच हा रोग कुणाला होतो, कुठून आलेल्यांना होतो, कोणत्या सवयी असलेल्यांना होतो, असे प्रश्न विचारता आले.

नोंदवहीने काय सांगितले

हे प्रश्न शिस्तीने विचारणाऱ्यांत डॉ. खानोलकर अग्रभागी होते. टाटा रुग्णालयात विकृतिशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा वाहिली. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा एक निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणे आणि तंबाखू चघळणे या दोन सवयी वेगवेगळ्या मोजून, अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी त्यांचे नाते त्यांनी तपासले होते. पाश्चात्त्य देशांत तेव्हा सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर वाद चालू होता. विडी आणि पानतंबाखूच्या देशात मात्र तंबाखूचा घाला ओठांपासून जठराच्या दारापर्यंतच्या मार्गावर पडत होता.

रुग्णालयातील नोंदींना एक मर्यादा असते. तिथे पोहोचलेले रुग्णच त्यांत दिसतात. म्हणून १९६३ साली भारतीय कर्करोग सोसायटीने डॉ. डी. जे. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कर्करोग नोंदणी केंद्र सुरू केले. एका ठरावीक भूभागात राहणाऱ्या सर्व लोकांतील कर्करोगाची गणती करणारे हे देशातील पहिले केंद्र. तिथले कर्मचारी शहरभरच्या रुग्णालयांत जाऊन नोंदी उतरवून घेत आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींशी पडताळून पाहत.

या खटाटोपातून एक लक्षणीय निष्कर्ष हाती आला. १९७० साली जुस्सावाला आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी समाज आणि उर्वरित लोकसंख्या यांच्यातील कर्करोगांची तुलना प्रसिद्ध केली. पारशांत अग्नी पवित्र असल्याने धूम्रपान निषिद्ध मानले जाते. त्यांच्यात तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले, तर स्तनाच्या कर्करोगाचे अधिक. शहर एक, हवा एक, पाणी एक. तरीही सवय बदलली की रोगाचे ठिकाण बदलते, हे यातून दिसून आले. पुढच्याच वर्षी जुस्सावाला आणि देशपांडे यांनी तंबाखू चघळणाऱ्यांना आणि ओढणाऱ्यांना असलेला धोका आकड्यांत मांडला.

मुंबईच्या अनुभवाच्या आधारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. मुंबई, बंगळूर आणि मद्रास येथील लोकसंख्येवर आधारित केंद्रे आणि चंदीगड, दिब्रुगड आणि तिरुवनंतपुरम येथील रुग्णालयांतील केंद्रे ही त्याची सुरुवात होती. आज ज्या आकड्यांच्या बातम्या होतात, त्यांच्यामागे कर्मचाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी कागदपत्रे चाळण्यात घालवलेली वर्षे आहेत.

काश्मीरचा चहा, ईशान्येचे तामूल

कॅस्पियन समुद्राच्या किनाऱ्यावरील इराणी प्रदेशापासून मध्य आशियामार्गे चीनच्या हेनान प्रांतापर्यंत एक पट्टा असा आहे की जिथे अन्ननलिकेचा कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो. काश्मीर खोरे याच पट्ट्याशी नाते सांगते, हे १९९२ साली डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी ‘गट’ या नियतकालिकात दाखवून दिले. खोऱ्यातील या रोगाचे प्रमाण मुंबई, मद्रास, बंगळूर येथील नोंदींपेक्षा कितीतरी पट अधिक निघाले.

कारणे शोधताना संशोधकांची नजर तिथल्या स्वयंपाकघराकडे वळली. समोवारमधून ओतला जाणारा, सोडा आणि मीठ घातलेला कढत नून चाय दिवसातून अनेकदा प्यायला जातो. हिवाळ्यासाठी भाज्या आणि मासे वाळवून ठेवतात. हुक्क्याची सवय जुनी आहे. वाळवलेल्या पदार्थांत आणि चहात नायट्रोसो गटातील संयुगे आढळतात, असे त्या सुमारास झालेल्या रासायनिक तपासण्यांत दिसले. एकच एक गुन्हेगार शोधण्याचा मोह इथे आवरावा लागतो. हा रोग बहुधा अनेक कारणांच्या एकत्र येण्याने होतो आणि फळे व ताज्या भाज्यांचा अभाव त्यांना साथ देतो. कढत पेयाविषयी मात्र पुरावा साचत गेला. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंश सेल्सियसहून अधिक तापमानाची पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली. धोका पेयात नसून त्याच्या तापमानात आहे, असा त्याचा अर्थ. कांगडीच्या चटक्याविषयी एल्मस्ली यांनी लिहिल्याला तेव्हा दीडशे वर्षे झाली होती.

ईशान्येची कहाणी वेगळी आहे. आसामात पाहुण्याच्या स्वागताला तामूल-पान पुढे करणे हा शिष्टाचाराचा भाग. मेघालयातील खासी समाजात पान, सुपारी आणि चुन्याचा ‘क्वाय’ म्हणजे आतिथ्याची पहिली खूण; जुने लोक दोन गावांमधील अंतरही वाटेत किती क्वाय चघळून होतात यावरून सांगत. तिथली सुपारी पुष्कळदा ओली किंवा आंबवलेली असते. २००१ साली आसामातील संशोधकांनी सुपारी आणि तंबाखू चघळण्याचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनाने तंबाखूविना सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधान त्या दिवसापासून निराधार झाले. महाराष्ट्रातही जेवणानंतरची सुपारी आणि सुगंधी सुपारी यांना आपण आजवर व्यसनाच्या यादीत धरत नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात मेघालयाच्या पूर्व खासी टेकड्या जिल्ह्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक दिसले. वयाचा फरक जमेस धरून पुरुषांत दर लाखामागे ते ७०हून अधिक आणि स्त्रियांत ३०हून अधिक होते. शिलाँग ज्या जिल्ह्यात आहे, तोच हा जिल्हा. पर्यटकांनी गजबजलेल्या या नगरात असे घर शोधणे अवघड जावे की ज्याच्या नात्यागोत्यात या रोगाने कुणी गेलेले नाही.

उशीर का होतो

अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची, स्नायूंची लवचीक नळी. तिच्या या लवचीकपणामुळेच निदानाला उशीर होतो. आत गाठ वाढू लागली की उरलेली भिंत ताणली जाते आणि घास पुढे सरकत राहतो. मार्ग निम्म्याहून अधिक अरुंद झाल्यावरच गिळताना अडथळा जाणवतो. शिवाय पोटातील इतर अवयवांना असते तसे बाहेरचे आवरण या नळीच्या बहुतेक भागाला नसते, त्यामुळे रोग आसपासच्या भागांत आणि लसिकाग्रंथींत लवकर पसरतो.

पहिली खूण दिसते ती जेवणाच्या ताटावर. प्रथम भाकरी किंवा सुका भात अडतो, प्रत्येक घासाबरोबर पाणी लागते. मग माणूस सगळे कालवून, कुस्करून खाऊ लागतो. पुढे पेज, मग दूध, मग पाणीही अडते. माझे थोरले काका याच रोगाने गेले. पंगतीत सर्वांत आधी उठणारे काका सर्वांत शेवटी उठू लागले होते. ‘दात राहिले नाहीत, हळू जेवतो’ असे ते हसून सांगत. वजन उतरले तेव्हा ‘बरेच झाले, मधुमेह तरी आटोक्यात राहील’ म्हणाले. एंडोस्कोपी झाली तेव्हा ते फक्त पातळ पदार्थांवर होते आणि त्यानंतर त्यांना जेमतेम पाच महिने मिळाले. आपल्याकडच्या हजारो घरांत हीच कथा थोड्याफार फरकाने घडते, कारण हळू जेवणे हे लक्षण आहे, असे आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

उपचारांचा इतिहास मात्र एवढा निराशाजनक नाही. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. त्या ६७ वर्षांच्या स्त्रीने पुढची सुमारे १३ वर्षे, गळ्यावरच्या छिद्रातून जठराकडे नेलेल्या शरीराबाहेरील रबरी नळीवाटे अन्न घेत काढली. १९४६ साली आयव्हर लुईस यांनी जठर वर ओढून अन्ननलिकेला जोडण्याची पद्धत मांडली आणि रुग्णाला पुन्हा तोंडाने जेवता येऊ लागले. लवचीक तंतूंची एंडोस्कोपी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली. २०१२ साली नेदरलँड्समधील चाचणीने दाखवले की शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र दिल्यास रुग्णांचे मध्यमान आयुष्य २४ महिन्यांवरून सुमारे ४९ महिन्यांवर जाते. रोग वरच्या अस्तरातच असताना सापडला तर छाती न उघडता एंडोस्कोपीनेच तो भाग काढता येतो. मात्र या सगळ्याचा लाभ वेळेवर पोहोचणाऱ्यालाच होतो.

तपासणी नसलेल्या रोगाची जागृती

२०१६ साली केंद्र सरकारने तिशीनंतरच्या नागरिकांसाठी कर्करोग तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे आखली. त्यांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत, अन्ननलिका नाही. यामागे कारण आहे. दर माणसाची एंडोस्कोपी करणे देशाला परवडणारे नाही आणि ज्या भागांत रोग कमी आहे तिथे त्याचा उपयोगही थोडा. चीनने रोगाचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत एंडोस्कोपीच्या मोहिमा राबवल्या. काश्मीर आणि मेघालयासाठी तसा विचार व्हायला हवा, हे नोंदणीचे आकडेच सांगतात. उपचारांची सोय तरी आता जवळ येत आहे. आसाम सरकार आणि टाटा न्यास यांच्या सहयोगातून उभ्या राहिलेल्या सात कर्करोग रुग्णालयांचे लोकार्पण २८ एप्रिल २०२२ रोजी दिब्रुगड येथून झाले.

तपासणीची मोहीम नसलेल्या रोगात पहिली सूचना मिळण्याचे ठिकाण एकच उरते, ते म्हणजे घर. म्हणून ज्यांनी या रोगाने माणूस गमावला आहे त्यांच्या बोलण्याला मोल आहे. ‘त्यांना काय झाले होते?’ या प्रश्नाला आपण ‘पोटाचे काहीतरी’ असे मोघम उत्तर देतो. कर्करोग हा शब्द उच्चारायचे टाळतो, विडी-तंबाखूचा उल्लेख मृताची बदनामी वाटून गाळतो. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी बहिणीचा मृत्यू लपवला असता तर अड्यारच्या त्या १२ खाटा उभ्या राहिल्या नसत्या. रोगाचे नाव, पहिले लक्षण आणि ते दिसल्यापासून डॉक्टरांकडे जाईपर्यंत गेलेला काळ, एवढे तीन तपशील शोक करणाऱ्या घराने चार जणांना सांगितले तरी पाचव्या घरातला माणूस वाचू शकतो.

शेवटी, लक्षात ठेवण्याजोग्या काही गोष्टी :

घन पदार्थ गिळताना अडथळा दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिला तर वय, दात किंवा पित्त असे म्हणून थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि एंडोस्कोपीविषयी स्पष्ट विचारावे. कारण नसताना वजन उतरणे, गिळताना छातीत दुखणे, आवाज दीर्घकाळ बसलेला असणे, गिळताना वारंवार ठसका लागणे यांकडेही लक्ष द्यावे. अशी लक्षणे असलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. तो नाही याची खात्री करून घेण्यासाठीच तपासणी असते. अनेक वर्षे छातीत जळजळ होणाऱ्यांनी केवळ गोळ्यांवर वेळ न काढता एकदा तपासून घ्यावे, कारण सततच्या आम्लपित्तातून या नळीच्या खालच्या टोकाला दुसऱ्या प्रकारचा कर्करोग उद्भवू शकतो.

तंबाखू कोणत्याही रूपात नको, मिश्रीही नको. सुपारी नको. दारू नको, तंबाखूबरोबर घेतली तर धोका अनेक पटींनी वाढतो. चहा उकळता न घेता चार-पाच मिनिटे निवू द्यावा.

आणि घरातील कुणी अलीकडे फार सावकाश जेवू लागले असेल, प्रत्येक घासाला पाणी मागत असेल, तर आज रात्रीच्या जेवणानंतर त्यांना त्याचे कारण विचारावे.